विश्लेषण : इलाज हृदयावर, झळ अन्ननलिकेला! ‘एएफ’साठी ॲब्लेशनची कोणती पद्धत किती सुरक्षित?

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून मोठ्या शहरातील रुग्णालयात ॲब्लेशन झाले. दोन दिवसांत रुग्ण गावी परतला. धडधड थांबली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात मात्र थंडी वाजून ताप आला आणि घास गिळताना छातीत दुखू लागले. आपल्याकडे ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड आठवतात. छातीत जळजळ म्हटली की पित्ताची गोळी. पण ॲब्लेशन झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ही दोन साधी वाटणारी लक्षणे जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंतीची पहिली सूचना असू शकतात. हा धोका अतिशय दुर्मीळ आहे, पण तो वेळीच ओळखला गेला नाही तर बहुतेकदा प्राणघातक ठरतो. ॲब्लेशनच्या तीन पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीत तो किती आहे आणि घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचे, याविषयी…

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे काय?

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कर्णिका आणि खालच्या दोन जवनिका. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना उजव्या कर्णिकेतील एका केंद्रातून मिनिटाला साधारण ६० ते १०० विद्युत संदेश निघतात आणि चारही कप्पे ठरलेल्या क्रमाने आकुंचन पावतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (एएफ) हा क्रम मोडतो. कर्णिकांमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत लहरी उसळतात. त्यामुळे कर्णिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात. नाडी कधी जलद, कधी संथ, पण सतत अनियमित लागते. काहींना धडधड, धाप, थकवा जाणवतो. काहींना काहीच जाणवत नाही आणि ईसीजी काढल्यावरच आजार कळतो.

थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट वाढतो, हे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासाने दाखवून दिले. म्हणून उपचाराचे दोन स्वतंत्र भाग आहेत. पहिला, गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. दुसरा, ठोक्यांचा वेग किंवा लय ताब्यात आणणे. ॲब्लेशन हा दुसऱ्या भागातला उपाय आहे. आपल्याकडे सांधेतापानंतर मायट्रल झडप आकसलेल्या अनेक रुग्णांनाही एएफ होतो. तिथे झडपेचा उपचार आधी येतो. पुढील तुलना प्रामुख्याने झडपेचा असा आजार नसलेल्या रुग्णांसाठी आहे.

ॲब्लेशनमध्ये नेमके काय करतात?

फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल आयसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निरीक्षण मांडले. वारंवार एएफ होणाऱ्या ४५ रुग्णांमध्ये त्यांना अशा चुकीच्या संदेशांची ६९ उगमस्थाने सापडली. त्यांपैकी ६५ फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होती. उपद्रव कुठून सुरू होतो हे कळल्यावर उपायाची दिशाही ठरली.

जांघेतील शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयात नेतात. उजव्या आणि डाव्या कर्णिकेमधील पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडून ती डाव्या बाजूला जाते. तिथे त्या शिरांच्या तोंडांभोवती गोलाकार व्रण तयार करतात. व्रणातून वीज वाहत नाही. त्यामुळे शिरांमध्ये उठलेले संदेश कुंपणाआडच राहतात. छाती उघडावी लागत नाही. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

व्रण कशाने करायचा, यावरून तीन पद्धती झाल्या : उष्णतेने (रेडिओफ्रीक्वेन्सी), गोठवून (क्रायोबलून) आणि विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी (पल्स्ड फील्ड).

हृदयाच्या उपचाराचा पचनसंस्थेशी संबंध काय?

संबंध केवळ शेजाराचा आहे. डाव्या कर्णिकेची मागची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते आणि तिला जवळजवळ चिकटूनच अन्ननलिका खाली उतरते. मध्ये असतो चरबीचा पातळ थर, आणि काही ठिकाणी तोही नगण्य. जठराच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या शाखाही अन्ननलिकेलगतच असतात. त्यातच अन्ननलिका एका जागी स्थिर नसते. शस्त्रक्रिया चालू असतानाही ती इकडेतिकडे सरकू शकते. घराच्या भिंतीला आतून वेल्डिंग करावे आणि पलीकडच्या घरातील पडद्याला झळ लागावी, तसा हा प्रकार आहे.

इजा साधारण तीन पातळ्यांवर होते. मज्जातंतू दुखावला तर जठर सुस्त होते. अन्ननलिकेचे आतले अस्तर भाजले तर लाली किंवा व्रण येतो. आणि तो व्रण खोल जाऊन अन्ननलिका व कर्णिका यांच्यामध्ये आरपार छिद्र पडले, तर त्याला फिस्टुला म्हणतात. पहिल्या दोन इजा बहुतेक वेळा आपोआप बऱ्या होतात. भीती असते ती तिसऱ्या प्रकाराची.

उष्णतेची पद्धत : सर्वांत जुनी, पण झळ सर्वाधिक?

रेडिओफ्रीक्वेन्सीत कॅथेटरच्या टोकातून जाणारी ऊर्जा पेशींना तापवते. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे पेशी कायमच्या निकामी होतात. डॉक्टर हृदयाचा त्रिमितीय नकाशा पडद्यावर पाहत टिंबाला टिंब जोडल्यासारखा व्रण पूर्ण करतात. कॅथेटर हवे तिथे नेता येत असल्याने शिरांच्या बाहेरील दोषही हाताळता येतात. जगभरात या पद्धतीचा अनुभव सर्वाधिक आहे.

अडचण अशी की उष्णता सीमा ओळखत नाही. हृदयाचा स्नायू काय किंवा अन्ननलिकेचे अस्तर काय, तापले की दोन्ही भाजतात. कॅथेटर बाजूला केल्यावरही काही क्षण ऊब आत झिरपत राहते. अशा ॲब्लेशननंतर फिस्टुला झाल्याच्या घटना २००४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या, तेव्हापासून मागच्या भिंतीवर कमी ऊर्जा किंवा कमी वेळ ऊर्जा देण्याची खबरदारी घेतली जाऊ लागली.

गोठवण्याची पद्धत कितपत वेगळी?

क्रायोबलूनमध्ये शिरेच्या तोंडाशी छोटा फुगा फुगवतात आणि त्यात नायट्रस ऑक्साइड सोडून तो उणे ४० ते उणे ६० अंशांपर्यंत थंड करतात. शिरेच्या तोंडाभोवतीचे पूर्ण वर्तुळ एकदमच गोठते. टिंबे जोडत बसावे लागत नसल्याने प्रक्रिया तुलनेने सोपी होते. थंडीने पेशी मरतात, पण त्यांना धरून ठेवणारी तंतूंची जाळी बरीचशी शाबूत राहते. त्यामुळे आरपार छिद्र पडण्याची शक्यता कमी होते.

परंतु फुग्याचा शेजार वेगळा आहे. उजव्या बाजूच्या शिरांजवळून श्वासपटल हलवणारा फ्रेनिक मज्जातंतू जातो आणि तो गारठू शकतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत ७६२ रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. एएफ पुन्हा होणे किंवा पुन्हा उपचार लागणे याचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे, सुमारे ३५ टक्के होते. फ्रेनिक मज्जातंतूची इजा मात्र घरी सोडताना क्रायोबलून गटातील २.७ टक्के रुग्णांत आढळली. उष्णतेच्या गटात एकातही नाही. म्हणजे परिणामकारकता तुल्यबळ, धोक्यांचे स्वरूप भिन्न. जठर सुस्त होण्याची तक्रार क्रायोबलूननंतरही होऊ शकते, कारण व्हेगसच्या शाखांपर्यंत थंडी पोहोचते.

पल्स्ड फील्ड पद्धतीची एवढी चर्चा का?

या पद्धतीत भाजणेही नाही आणि गोठवणेही नाही. उच्च दाबाचे, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशापुरते विद्युतस्पंद दिले जातात. त्यांमुळे पेशींच्या आवरणाला बारीक छिद्रे पडतात आणि पेशी मरतात. प्रत्येक प्रकारच्या पेशीची हे स्पंद सोसण्याची मर्यादा वेगळी असते. हृदयाच्या स्नायूपेशी तुलनेने कमी ताकदीच्या स्पंदांनीच मरतात. अन्ननलिकेचा स्नायू आणि मज्जातंतू अधिक तग धरतात. शेजाऱ्याला वगळून नेमक्या घराचा दरवाजा ठोठावण्याची सोय इथे प्रथमच मिळाली.

युरोपात २०२१ पासून ही पद्धत वापरात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये मेडट्रॉनिकच्या पल्सिलेक्टला आणि जानेवारी २०२४ मध्ये बोस्टन सायंटिफिकच्या फॅरापल्सला मान्यता दिली. भारतातही काही मोठ्या रुग्णालयांत ती सुरू झाली आहे. २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये १०६ केंद्रांतील १७ हजार ६४२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अन्ननलिकेच्या गुंतागुंतीची एकही नोंद नव्हती. फ्रेनिक मज्जातंतूची कायमची इजाही नव्हती. पचनसंस्थेच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा आहे.

मग डोळे झाकून पल्स्ड फील्डच निवडावी का?

नाही, आणि त्याची तीन कारणे आहेत. पहिले कारण परिणामकारकतेचे. २०२३ च्या ‘ॲडव्हेंट’ चाचणीत ६०७ रुग्णांची तुलना झाली. वर्षभरात यशाचे प्रमाण पल्स्ड फील्ड गटात ७३.३ टक्के, तर उष्णता किंवा थंडीच्या गटात ७१.३ टक्के होते. गंभीर गुंतागुंतही दोन्हींकडे तुल्यबळ होती (२.१ आणि १.५ टक्के). स्वित्झर्लंडमधील २१० रुग्णांच्या २०२५ मधील चाचणीत पल्स्ड फील्ड क्रायोबलूनपेक्षा सरस ठरली. ठोके पुन्हा बिघडण्याचे प्रमाण ३७ टक्के विरुद्ध ५१ टक्के होते. त्या चाचणीत त्वचेखाली बसवलेल्या यंत्राने ठोक्यांवर सतत पाळत ठेवली होती, म्हणून छोटे झटकेही मोजले गेले. थोडक्यात, ही पद्धत कमी नाही, काही ठिकाणी सरसही आहे. पण ‘एकदा केले की कायमचे सुटलो’ असे कोणत्याच पद्धतीबद्दल म्हणता येत नाही.

दुसरे कारण तिच्या स्वतःच्या धोक्यांचे. वर उल्लेखलेल्या १७ हजारांवर रुग्णांपैकी २५ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटका आला. स्पंदांमुळे तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी झाली आणि डायलिसिस करावे लागले, असे पाच रुग्ण होते. हृदयाभोवती रक्त साचण्याची गुंतागुंत ०.३६ टक्के रुग्णांत झाली. पक्षाघात ०.१२ टक्के रुग्णांना झाला. जानेवारी २०२५ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने आपल्या व्हॅरिपल्स या उपकरणाचा अमेरिकेतील वापर मेंदूशी संबंधित गुंतागुंतीच्या घटनांमुळे काही काळ थांबवला होता. पल्स्ड फील्ड हे एकच यंत्र नाही. प्रत्येक कंपनीचे कॅथेटर आणि स्पंद वेगळे असतात. एकाची आकडेवारी दुसऱ्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

तिसरे कारण काळाचे. जी गुंतागुंत हजारो रुग्णांमागे एखाद्यालाच होते, तिचे खरे प्रमाण कळायला लाखो शस्त्रक्रिया आणि बरीच वर्षे लागतात. नोंद शून्य आहे याचा अर्थ धोका शून्य आहे असा घेता येत नाही. त्यामुळे पल्स्ड फील्डनंतर ताप आला, तरीही सावधगिरीचे नियम तेच राहतात.

ॲब्लेशननंतर पोटाच्या कोणत्या तक्रारी किरकोळ समजाव्यात?

भूल आणि वेदनाशामकांमुळे पहिला दिवस-दोन दिवस मळमळ होते. घशातून सोनोग्राफीची नळी घातली असेल तर घसा दुखतो. पहिल्या काही दिवसांत खोल श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे होऊ शकते. हृदयाच्या आवरणाला आलेली ती सूज असते आणि बहुधा ओसरते.

दोन घास खाल्ल्यावरच पोट भरल्यासारखे वाटणे, पोट फुगणे, खाल्लेले तासन्‌तास तसेच राहणे, उलटी होणे ही जठर सुस्त झाल्याची लक्षणे आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उष्णतेच्या ॲब्लेशननंतर ३६७ पैकी चार रुग्णांना असा त्रास झाल्याचे नोंदले गेले. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतो. थोडे थोडे, कमी तेलकट आणि मऊ जेवण दिवसातून पाच-सहा वेळा घेणे, जेवल्यावर लगेच आडवे न होणे याने आराम पडतो. गरज पडल्यास जठराला चालना देणारी औषधे दिली जातात. पाणीही पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नये. गोळ्या उलटून पडत असतील तर रक्त पातळ करणारी गोळीही पडत असते, हे लक्षात घ्यावे. डांबरासारखी काळी शौच झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर तो त्याच गोळ्यांमुळे झालेला रक्तस्राव असू शकतो. अशा वेळी गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

फिस्टुला किती जणांना होतो?

याबाबतचा सर्वांत मोठा आढावा ‘पॉटर-एएफ’ नावाने २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ देशांतील २१४ केंद्रांतील ५ लाख ५३ हजार ७२९ ॲब्लेशन त्यात मोजली गेली. फिस्टुला १३८ रुग्णांत आढळला. म्हणजे सरासरी चार हजारांमागे एक. पद्धतीनुसार फरक मोठा होता : उष्णतेच्या पद्धतीत दहा हजारांमागे सुमारे चार, तर क्रायोबलूनमध्ये लाखामागे दीड. ज्या रुग्णांचा मृत्यू दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच निदानाने झाला, त्यांची नोंद मूळ केंद्राकडे पोहोचतेच असे नाही. त्यामुळे खरा आकडा थोडा मोठा असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

चार हजारांत एक हा धोका कोणाला क्षुल्लक वाटेल. पण ज्याला तो गाठतो त्याच्यासाठी गणित फार कठोर आहे. या आढाव्यात फिस्टुला झालेल्यांपैकी ६५.८ टक्के रुग्ण दगावले. शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्युदर ५१.९ टक्के होता. ज्यांच्यावर केवळ औषधांनी उपचार झाले, त्यांच्यात तो ८९.५ टक्के होता. सर्वाधिक प्रकृती खालावलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताच येत नाही, हेही त्यामागचे एक कारण असणार. तरीही निदान लवकर होऊन रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणे किती मोलाचे आहे, ते या फरकातून दिसते.

लक्षणे केव्हा आणि कोणती?

घात इथेच होतो. छिद्र शस्त्रक्रियेच्या दिवशी पडत नाही. आधी अस्तराला इजा होते, मग व्रण खोल जातो आणि काही आठवड्यांनी तो आरपार होतो. ‘पॉटर-एएफ’मध्ये लक्षणे सुरू होण्याचा मध्यांक १८ दिवस होता, काहींमध्ये ती ६० दिवसांपर्यंत उशिराने आली. तोवर टाके-पट्ट्या निघालेल्या असतात, पहिली फेरतपासणी झालेली असते आणि ‘आता सगळे ठीक आहे’ असे घरात सगळ्यांनी मानलेले असते.

सर्वाधिक आढळलेले पहिले लक्षण होते ताप, सुमारे ५९ टक्के रुग्णांत. अन्ननलिकेतील जंतू थेट रक्तात शिरल्याने तो येतो. त्यासोबत किंवा त्यानंतर गिळताना दुखणे, छातीत किंवा पाठीत दुखणे, रक्ताची उलटी होऊ शकते. अन्ननलिकेतील हवा किंवा अन्नकण हृदयातून मेंदूत गेले तर तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात-पाय लुळा पडणे, शुद्ध हरपणे अशी पक्षाघाताची लक्षणे दिसतात. म्हणून नियम सोपा ठेवावा : ॲब्लेशननंतरच्या दोन महिन्यांत आलेला कोणताही ताप आधी ज्या रुग्णालयात ॲब्लेशन झाले तिथे फोन करून कळवायचा. तो साधा विषाणूज्वरही असेल. पण ते ठरवण्याचे काम तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाचे आहे.

मग लगेच एंडोस्कोपी करून बघायला काय हरकत?

गिळताना दुखते आणि छातीत जळजळते म्हटल्यावर दुर्बिणीने अन्ननलिका पाहणे हा एरवी योग्य विचार आहे. फिस्टुलाची शंका असताना मात्र तो घातक ठरू शकतो. एंडोस्कोपी करताना अन्ननलिका फुगवण्यासाठी हवा सोडतात. छिद्र असेल तर ती हवा हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊन मोठा पक्षाघात होऊ शकतो. घशातून केल्या जाणाऱ्या हृदयाच्या सोनोग्राफीबाबतही हीच सावधगिरी लागते. पहिली तपासणी असते छातीचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी स्कॅन. तो सामान्य आला आणि लक्षणे कायम राहिली, तर काही दिवसांनी पुन्हा करावा लागतो. तोवर तोंडाने काही न देता रुग्णाला हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात हलवणे महत्त्वाचे असते.

अन्ननलिका वाचवण्यासाठी डॉक्टर काय करतात?

उष्णतेच्या पद्धतीत अनेक ठिकाणी नाकातोंडातून तापमापक तार अन्ननलिकेत सोडतात आणि तापमान वाढू लागले की ऊर्जा थांबवतात. याचा प्रत्यक्षात किती फायदा होतो यावर तज्ज्ञांत एकमत नाही. दुसरा उपाय अन्ननलिकेत थंड पाणी फिरवणारी नळी ठेवण्याचा. ब्रिटनमधील ‘इम्पॅक्ट’ चाचणीत ज्या १२० रुग्णांची नंतर एंडोस्कोपी झाली, त्यात संरक्षण नसलेल्या ६० पैकी १२ जणांच्या अस्तराला इजा दिसली. थंड नळी वापरलेल्या ६० पैकी फक्त दोघांच्या. या उपकरणाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. याखेरीज आम्ल कमी करणारी गोळी काही आठवडे दिली जाते. भाजलेल्या जागेवर जठरातील आम्ल उसळून आले तर व्रण चिघळतो, हा त्यामागचा तर्क. म्हणून ‘मला तर पित्त नाही’ असे म्हणून ती गोळी सोडू नये.

रुग्णाने काय विचारावे?

पद्धतीच्या नावापेक्षा ती करणारे हात महत्त्वाचे असतात. म्हणून पहिला प्रश्न असावा, ‘तुम्ही या पद्धतीने वर्षाला किती ॲब्लेशन करता आणि त्यांत किती गुंतागुंत झाली?’ दुसरा, ‘माझ्यासाठी हीच पद्धत का?’ एएफ अधूनमधून होतो की सतत असतो, कर्णिका किती मोठी झाली आहे, मूत्रपिंडांचे आजार आहेत का, आधी जठराच्या तक्रारी किंवा मधुमेह आहे का, यांवर उत्तर बदलते. तिसरा, ‘अन्ननलिकेसाठी कोणती खबरदारी घेणार?’ चौथा, ‘खर्चातील फरक किती आणि विम्यात काय बसते?’ पाचवा, ‘रात्री-अपरात्री ताप आला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा?’

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. ॲब्लेशन यशस्वी झाले म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद होत नाहीत. किमान दोन-तीन महिने त्या सर्वांनाच घ्याव्या लागतात. पुढे त्या चालू ठेवायच्या की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरते. ठोके नियमित झाले एवढ्यावर नाही.

नेमकी उणीव कुठे आहे?

तीन पद्धतींच्या तुलनेत पचनसंस्थेपुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. उष्णतेत झळ सर्वाधिक, थंडीत खूपच कमी आणि विद्युतस्पंदांत आतापर्यंतच्या नोंदींनुसार सर्वांत कमी. तंत्रज्ञान योग्य दिशेने चालले आहे. पण महागडे नवे कॅथेटर प्रत्येक रुग्णाच्या आवाक्यात लगेच येणार नाही. उष्णतेची पद्धत अजून बरीच वर्षे वापरात राहील आणि अनुभवी हातांत ती राहण्यात गैरही नाही.

उणीव आहे ती रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडल्यानंतरच्या आठ आठवड्यांत. ॲब्लेशन मुंबई-पुण्यात होते आणि ताप लातूरला, जळगावला किंवा सावंतवाडीला येतो. तिथला डॉक्टर रुग्णाला प्रामाणिकपणे तपासतो, पण तीन आठवड्यांपूर्वी हृदयात काय झाले हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इंग्रजीतील डिस्चार्ज कार्ड घरातील कपाटात असते. रुग्णाला वाटते, हृदयाचे झाले ते झाले, हे तर पोटाचे आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे. ॲब्लेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाला खिशात मावेल असे मराठीतले कार्ड द्यावे. त्यावर शस्त्रक्रियेची तारीख, वापरलेली पद्धत, चोवीस तास लागणारा फोन क्रमांक आणि चार ओळी असाव्यात : ‘माझ्या हृदयाचे ॲब्लेशन झाले आहे. दोन महिन्यांच्या आत ताप, गिळताना वेदना किंवा पक्षाघाताची लक्षणे आल्यास फिस्टुलाची शंका घ्यावी. एंडोस्कोपी करू नये. छातीचा सीटी स्कॅन करून वरील क्रमांकावर कळवावे.’ हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आणि रुग्णालयांनी हे स्वतःहून सुरू करायला हवे. ते होईपर्यंत रुग्णाच्या नातेवाइकांनी या चार ओळी कागदावर लिहून रुग्णालयाच्या फोन क्रमांकासह रुग्णाच्या पाकिटात ठेवाव्यात आणि ताप आल्यास तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाती सर्वांत आधी तो कागद द्यावा.